कोबोलच्या नावानं चांगभलं

७ नोव्हेंबर २०२५च्या शुक्रवारी दिल्लीच्या विमानतळावर आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला. आदल्या दिवशी तिथली ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम, म्हणजे एएमएसएस, बिघडली होती. कोणते विमान कुठून निघणार, कोणत्या वाटेने आणि किती उंचीवरून जाणार, हा सगळा मजकूर म्हणजे फ्लाइट प्लॅन. एरवी तो या यंत्रणेतून आपोआप कंट्रोलरपुढे येतो. तो येईना, म्हणून माणसे हाताने भरत बसली. इकडे दुपारचे जेवण उरकायच्या आत माझ्या फोनवर रोगाचे निदान येऊन पडले होते : ‘सर, सगळं जुन्या लँग्वेजमध्ये लिहिलेलं असतं. अजून कोबोल वापरतात हे लोक. रस्टमध्ये लिहून टाकलं की प्रश्न मिटला.’

वीस वर्षे मी नगर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवतो आहे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण एसटीत कंडक्टरकडे मी अजून नगरचेच तिकीट मागतो.) हे निदान करणाऱ्यांत माझेच जुने विद्यार्थी होते. पुण्यात-बंगळुरूत चांगल्या हुद्द्यावर आहेत, कष्टाळू आहेत, मूर्ख तर अजिबात नाहीत. म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटते. मूर्खाने म्हटले असते तर फोन उलटा ठेवून दिला असता.

आधी कोबोलचे बघू. ही भाषा बँकांची, विम्याची, पगारपत्रकांची. अमेरिकेत दोन विमानतळांदरम्यानच्या वाटेवरची विमाने सांभाळणाऱ्या केंद्रांत ‘होस्ट’ नावाचे जे संगणक वर्षानुवर्षे चालले, त्यांचा कोड जोव्हियल या भाषेत आणि असेंब्लीत होता. जोव्हियल हे नाव म्हणजे एक गंमत आहे. ज्यूल्स श्वार्ट्झ नावाच्या गृहस्थाने तेव्हाच्या एका आंतरराष्ट्रीय भाषेत स्वतःचे फेरफार केले आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘ज्यूल्सची स्वतःची आवृत्ती’ असे नाव देऊन टाकले. तेव्हा ज्या कोबोलला शिव्या पडतात, तो बिचारा त्या खोलीत नव्हताच. दिल्लीच्या एएमएसएसमधली कोडची एक ओळही न बघता ती कोणत्या भाषेत आहे आणि म्हणून का पडली, हे कोपरगावात बसून सांगणारा वैद्य नाडी न बघता काढा देतो आहे, एवढेच मी म्हणेन.

पण समजा, भाषा जुनी होती. नव्या भाषेने काय होते, याचा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि तो चांगलाच महाग पडला. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सगळी यंत्रणा नव्याने बांधायचे ठरवले. १९८८ला आयबीएमला काम दिले. भाषा निवडली आडा. तेव्हा ती आजच्या रस्टच्या जागी होती : नवी, शिस्तीची, चुका कोड चालवण्याआधीच पकडणारी, सरकारची लाडकी. लाखो ओळी लिहिल्या गेल्या. १९९४मध्ये प्रकल्पाचे मोठाले भाग रद्द करावे लागले आणि अब्जावधी डॉलर गेले ते गेले. आडाने काही बिघडवले नव्हते. कंट्रोलरला पडद्यावर नेमके काय हवे, याच्या मागण्या दर काही महिन्यांनी बदलत होत्या. लिहिणारे एका गावात, वापरणारे दुसऱ्या, आणि ठरवणारे तिसऱ्याच.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अमेरिकेत जायला नको. प्रवरेवरच्या निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७०मध्ये. पुढे भिंत उभी राहिली, पाणी अडले, पण कालवे नव्हते. डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले २०२३च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात कुणी शेतकऱ्यांपुढे उभे राहून म्हणाले असते की भिंतीचे सिमेंट जुन्या ब्रँडचे आहे म्हणून तुमच्या रानात पाणी येत नाही, तर तळेगाव दिघ्याच्या लोकांनी त्याला पाण्याशिवाय परत पाठवले असते. कोड ही भिंत आहे. पाणी रानापर्यंत जाते ते कालव्याने.

एप्रिल २०२५ची अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाची गोष्ट अशीच. त्या विमानतळाची विमाने फिलाडेल्फियाच्या केंद्रातून सांभाळली जातात आणि तिथल्या कंट्रोलरांचे रडार व रेडिओ सुमारे नव्वद सेकंद बंद पडले. बातम्यांतून लोकांच्या लक्षात राहिल्या त्या अमेरिकी हवाई नियंत्रणात अजून वापरल्या जाणाऱ्या फ्लॉपी आणि विंडोज ९५. पण त्या दिवशी दगा दिला होता तांब्याच्या तारेने. तारेला कोणती प्रोग्रामिंगची भाषा येते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २८ ऑगस्ट २०२३, ब्रिटनमध्ये बँक हॉलिडेचा सोमवार, विमानतळ तुडुंब. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन सकाळी ब्रिटनच्या यंत्रणेत आला. आकाशातल्या वाटेवर खुणेच्या जागा असतात आणि त्यांना छोटी सांकेतिक नावे असतात. या प्लॅनमध्ये ‘डीव्हीएल’ हे नाव दोनदा होते. एक फ्रान्समधले दोव्हिल, दुसरे अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटातले डेव्हिल्स लेक. दोन्हींत हजारो किलोमीटरचे अंतर. प्लॅन पूर्णपणे नियमात बसणारा होता. पण विमान ब्रिटनच्या हद्दीत कुठे शिरते आणि कुठे बाहेर पडते हे शोधताना संगणकाने चुकीचे ‘डीव्हीएल’ धरले, गणित जमेना, आणि त्याने काम थांबवले. लगेच बॅकअप संगणक पुढे आला. त्याला तोच प्लॅन मिळाला, त्यानेही तेच गणित केले, तोही थांबला. वीस सेकंदांच्या आत दोन्ही गप्प. पुढे सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि पोस्टमनचे उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव किती? नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, संगमनेरात पिंपळगाव देपा, श्रीगोंद्यात पिंपळगाव पिसा, आणि मोजायला बसलो तर आणखी. एखाद्या पत्रावर नुसते ‘पिंपळगाव’ लिहून आले तर पोस्टमन काय करतो? आडनाव बघतो, शिक्का बघतो, दोन ठिकाणी विचारतो. नाहीच जमले तर ते एक पत्र बाजूला ठेवतो. त्या एका पत्रापायी जिल्ह्याचे टपाल बंद करून, खिडकीला कुलूप लावून घरी जात नाही. आणि त्याच्या जागी बदली माणूस आला, तर तोही तेच पत्र हातात धरून बेशुद्ध पडत नाही.

हा नियम, ‘न कळलेले पत्र बाजूला ठेव आणि बाकीचे वाट’, कोणत्याही भाषेत लिहिता येतो. कोबोलमध्ये येतो, रस्टमध्ये येतो, मोडीत लिहून भिंतीवर डकवता येतो. तो त्या यंत्रणेत नव्हता, कारण कुणी तो ठरवलाच नव्हता. उलट तिला सांगितले होते की, संशय आला की थांब, चुकीचा मजकूर कंट्रोलरपुढे जाऊ देऊ नकोस. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण एक विमान संशयित असणे आणि सगळे आकाश संशयित असणे यांतला फरक तिला कुणी शिकवला नव्हता. तुम्ही तोच नियम रस्टमध्ये लिहिला असता तर ती रस्टमध्ये थांबली असती. कदाचित वीसऐवजी दोन सेकंदांत.

त्या दिवशीचा आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. जाणकार अभियंता सुट्टीमुळे घरून ड्यूटीवर होता. दुरून लॉगिन करायला गेला तर त्याच्या पासवर्डची खातरजमा होईना. शेवटी त्याला प्रत्यक्ष यावे लागले. या उशिराची भरपाई कोणता कंपायलर करून देणार आहे?

बॅकअपवरून आठवले. १९९६च्या ४ जूनला युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. कोड आडामध्ये होता. एरियन ४साठी लिहिलेला तो कोड तसाच उचलला होता, आणि नव्या रॉकेटच्या वेगाचा एक आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. आडाने आपले काम केले, चूक पकडली. पण त्या आकड्याला संरक्षणाची गरज नाही असे माणसांनी आधीच ठरवून ठेवले होते. बॅकअपमध्येही हाच कोड होता, त्यामुळे तोही गेला. एकाच गुरूचे दोन शिष्य परीक्षेला बसवले की दोघेही एकाच प्रश्नाला अडतात.

‘नवे ते चांगले’ म्हणणाऱ्यांनी लॉस एंजेलिसचे केंद्र जरूर अभ्यासावे. तिथे कंट्रोलर आणि वैमानिक यांच्या बोलण्याची यंत्रणा आधी युनिक्सवर चालायची. आधुनिकीकरण झाले आणि ती विंडोजवर आली. तिच्या आत मिलिसेकंद मोजणारा एक गणक होता. ३२ बिटांच्या जागेत तो ४९.७ दिवसांत भरतो. म्हणून आदेश निघाला की, दर तीस दिवसांनी कुणीतरी जाऊन यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करायची. १४ सप्टेंबर २००४ला ते राहून गेले. यंत्रणा पडली, मागोमाग बॅकअपही पडले, आणि शेकडो विमानांशी बोलणे तुटले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकाशाचा भार त्या काळात एका माणसाच्या लक्षात राहण्यावर होता. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळू नये म्हणून दर चार तासांनी कुणीतरी जाऊन बंद करते. पण तिला कुणी आधुनिकीकरण म्हणत नाही.

पुढे त्याच केंद्रात होस्टच्या जागी एरॅम नावाची कोरी करकरीत यंत्रणा आली. ३० एप्रिल २०१४ला यू-टू जातीच्या एका हेरगिरीच्या विमानाचा गुंतागुंतीचा प्लॅन तिच्यापुढे आला. हे विमान साठ हजार फुटांवर उडते, तिथे दुसरे कुणी नसते. पण यंत्रणा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या उंचींवर ते कुणाला धडकेल का, हे तपासत बसली. तपासता तपासता तिची मेमरी संपली. म्हातारा होस्ट अशा जागी अडखळला असता की नसता, यावर वाद घाला. पण हे दुखणे म्हातारपणाचे नव्हते एवढे तरी मान्य करा.

जुना कोड टाकून द्या म्हणणाऱ्यांना मला मोडीची आठवण करून द्यायची आहे. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत एकच धावपळ उडाली : मोडी वाचणारे कुठे आहेत? दप्तरे होती, कागद बऱ्यापैकी शाबूत होते, अक्षर वळणदार होते. वाचणारे मात्र जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके. शाळेतून मोडी गेली तेव्हा बाळबोध आली ते चांगलेच झाले. पण दप्तरे बाळबोधीत कुणी उतरवून घेतली नाहीत आणि मोडी शिकवणेही चालू ठेवले नाही. कोणत्याही जुन्या यंत्रणेत असेच एक दप्तर असते. एखादी विचित्र अट दिसते, कारण कुठे लिहिलेले नसते, आणि नवा माणूस ती कचरा म्हणून काढून टाकतो. तीन वर्षांनी एका पावसाळी रात्री कळते की ती अट अशाच पावसाळी रात्रीसाठी होती. जोव्हियल वाईट म्हणून अडचण झाली नाही. जोव्हियल वाचणारी पिढी निवृत्त होत असताना तिच्याजवळ बसून कुणी टिपणे घेतली नाहीत, ही अडचण.

आता समोरच्याच्या बाजूने जे खरे आहे ते सांगतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल आणि माझे विद्यार्थी मला सोडणार नाहीत. भाषेने फरक पडतो. सी आणि सी-प्लस-प्लस या भाषांत प्रोग्रामर स्वतः मेमरी हाताळतो आणि तिथे चुकला तर चोराला दार उघडे मिळते. मायक्रोसॉफ्टने आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटी तपासल्या तर सुमारे ७० टक्के याच जातीच्या निघाल्या. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २०२४च्या फेब्रुवारीत अहवाल काढून मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळा, असे सांगितले. आज कोरी पाटी घेऊन एखादा नवा भाग लिहायचा असेल आणि कुणी सीमध्ये लिहितो म्हणाले, तर मीही त्याला थांबवीन. इथे रस्टवाल्यांचे बरोबर आहे.

पण मग हेही बघा. ब्रिटनमध्येच स्वॉनविकच्या केंद्रात आयफॅक्ट्स नावाचे साधन २०११पासून वापरात आहे. विमाने पुढच्या काही मिनिटांत एकमेकांच्या वाटेत येतील का, हे ते कंट्रोलरला आधीच दाखवते. त्याचा कोड स्पार्कमध्ये आहे. स्पार्क म्हणजे आडाचाच कडक शिस्तीचा धाकटा भाऊ, ज्यात कोड काही विशिष्ट चुका करूच शकत नाही हे गणिताने सिद्ध करता येते. म्हणजे भाषेच्या जोरावर सुरक्षितता मिळवल्याचे ठळक उदाहरण शोधायला गेलो तर हाती लागते ती १९८३ साली प्रमाणित झालेल्या आडाचीच शाखा. आणि तिथेही सिद्ध काय करायचे, हे आधी माणसांनी बसून कागदावर नीट लिहिले, म्हणून सिद्धता उपयोगी पडली. चुकीची अट अचूक सिद्ध करून दाखवता येते, आणि त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही.

मग भाषेवरच खापर का फुटते? कारण ते सोयीचे आहे. भाषेला पगार द्यावा लागत नाही, बढती द्यावी लागत नाही, तिची चौकशी लागली तर ती वकील करत नाही. दिल्लीच्या बिघाडाआधी चार महिने, जुलै २०२५मध्ये, कंट्रोलरांच्या संघटनेने, म्हणजे एटीसी गिल्डने, दिल्ली आणि मुंबईच्या यंत्रणा मंदावल्याचे लेखी कळवले होते. संसदेच्या स्थायी समितीने त्याच वर्षी कंट्रोलरांची कमतरता आणि त्यांचा थकवा यांवर बोट ठेवले. ही दोन्ही कागदपत्रे साध्या भाषेत होती, कंपायलर लागत नव्हता. ‘जुनी लँग्वेज’ म्हटले की ते पत्र कोणाच्या टेबलावर किती दिवस होते, हा प्रश्न विचारावा लागत नाही. नव्या भाषेची निविदा मात्र काढता येते. तिचे उद्घाटनही होते.

आणि थोडा दोष माझ्या वर्गाचा आहे. आम्ही पहिल्या वर्षी सी शिकवतो, दुसऱ्या वर्षी जावा, मग पायथन, आता रस्टचे ऐच्छिक. मुले विचारतात, ‘सर, कोणती लँग्वेज केली की पॅकेज मिळेल?’ आणि आम्ही उत्तर देतो! कंट्रोलरशेजारी दिवसभर बसून तो काय करतो ते लिहून काढ, असा एकही प्रॅक्टिकल आमच्या अभ्यासक्रमात नाही. व्हायवात विचारतो पॉइंटरविषयी. यंत्रणा पडली तर कोणाला फोन करायचा, तो फोन सुट्टीच्या दिवशी उचलला जाईल का, हे विचारत नाही. ही मुले पुढे भाषेलाच रोग आणि भाषेलाच औषध समजली, तर नवल काय?

आमच्या जिल्ह्यातले शिर्डीचे विमानतळ कोपरगाव तालुक्यात, काकडीच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. २०१९च्या नोव्हेंबरात हवा इतकी धूसर झाली की कित्येक दिवस विमाने उतरू शकली नाहीत. धावपट्टी वैमानिकाला डोळ्यांनी दिसणे भाग होते आणि ती दिसत नव्हती. भाविक शिर्डीला पोहोचले ते रस्त्याने. रात्रीची विमाने उतरू लागली ती उद्घाटनानंतर कित्येक वर्षांनी. मधली वर्षे गेली ती दिव्यांत, उपकरणांत, परवानग्यांत आणि माणसे नेमण्यात. आधुनिकीकरण म्हणतात ते हे असते. यात कोड आहेच, पण तो एका रांगेत उभा आहे आणि रांगेत त्याचा नंबर पहिला नाही.

नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. हवाई नियंत्रणावर प्रोजेक्ट करायचा म्हणाला, रस्टमध्ये. मी म्हटले, कर, पण आधी पोस्टमनचे नियम मराठीत, कागदावर लिहून आण. नाव अर्धे असले तर काय, पत्ता दोन गावांना लागू पडला तर काय, पोस्टमन आजारी असला तर काय. चार दिवसांनी तो तीन पाने घेऊन आला. तिसऱ्या पानाच्या तळाशी अडला होता : पत्रावर तालुका नाही, पिनकोड नाही, पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही. अशा पत्राचे काय करायचे?

पोस्ट खात्यात अशा पत्रांसाठी वेगळे ऑफिसच असते, मी सांगितले.

‘मग तिथं कोण बसतं, सर?’ त्याने विचारले.